बालकवितेत कुणी मरत का नाही?

रेघोट्या
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे. चुकीच्या विभागात पडला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

मराठी बालकवितेतली मुलं पाहा. शहाणी असतात, फार तर खोडकर. पाऊस त्यांच्यासाठी पडतो, चांदोमामा त्यांच्यासाठी झाडामागं लपतो, आजीच्या डब्यातला लाडू त्यांच्यासाठीच असतो. ज्याला कुणी खेळायला घेत नाही, ज्याच्या अंगाला कसलातरी वास येतो, ज्याला बघून पाहुणे विषय बदलतात, ते पोर कवितेत येतच नाही. आणि मरत तर कुणीच नाही.

बाहेर मात्र याची जुनी परंपरा आहे. एडवर्ड गोरी या अमेरिकन चित्रकाराचं १९६३ चं एक छोटंसं पुस्तक आहे: इंग्रजी मुळाक्षरांची २६ अक्षरं, २६ मुलं आणि प्रत्येकाचा वेगळा मृत्यू, तोही यमकात. एक तर निव्वळ कंटाळ्यानं मरतो. मुखपृष्ठावर ही सगळी पोरं उभी आहेत आणि मागं छत्री धरलेला सांगाडा, सहलीला घेऊन चाललेल्या बाईंसारखा. सिनेमावाल्या टिम बर्टननं १९९७ मध्ये २३ कवितांचं पुस्तक काढलं, चित्रंही त्याचीच. त्यात कालवाच्या (शिंपल्यातलं कालव) डोक्याचा मुलगा आहे, पुष्कळ डोळ्यांची मुलगी आहे, एक पोरगा जाईल तिथं नुसते डाग पाडतो, आणि काडीचा मुलगा आगकाडीच्या मुलीच्या प्रेमात पडतो. पुढं काय होतं ते तुम्हीच ओळखा.

मी चित्रं काढतो. (पोटापाण्यासाठी फ्लेक्स आणि लग्नपत्रिका. त्यावर कुणी बोलू नये.) दिवाळीपर्यंत अशा कवितांचं बारकं पुस्तक छापायचा विचार आहे. प्रश्न दोन. हे मुलांच्या हातात द्यावं का मोठ्यांच्या? आणि शेवट असा ठेवावा का? नमुना खाली देतो.

गुळाची गोदी

गुऱ्हाळावर पोर जन्मली,
गुळव्या म्हणाला, "उतरली छान!"
रंग केशरी, कण रवाळ,
गुळाचं नाक, गुळाचे कान.

आत्या आली, पापा घेतला,
जाता जाता चाटला गाल.
मामा म्हणाला, "चहापुरती!"
करंगळीचे झाले हाल.

शाळेत पोरं चिकटून बसली,
बाई म्हणाल्या, "किती हा लळा!"
मधल्या सुट्टीनंतर उरला
निम्मा हात अन् अर्धा गळा.

आई म्हणाली, "स्वभाव गोड,
कुणाला नाही म्हणत नाही."
मुंग्या म्हणाल्या, "खरं आहे हो,
आम्हालासुद्धा म्हणत नाही."

मृगाचा पाऊस, गळकं छप्पर,
सकाळी गादीवर नुसता पाक.
बाप म्हणाला, "रडताय काय?
पोळ्या लाटा, शेजाऱ्यांना हाक."

शेवटच्या कडव्याचं चित्र: बाप हात धुऊन पाटावर बसलाय, शेजारचा पाट रिकामा आहे आणि त्याच्यावर लाल रिबिन. कवितेत रिबिनीचा उल्लेख मुद्दामच केलेला नाही.

तांबडा_पांढरा
आयला! सकाळी सकाळी चहा पीत वाचलं. गुळाचा चहा होता.

नाद खुळा भावा.

अनुराधा क
"करंगळीचे झाले हाल" ला खळखळून हसले. मग हसल्याबद्दल कसंतरीच झालं. हेच अपेक्षित असेल तर जमलंय.

सदाशिव नाही पेठी
चित्र आणि लेखन उत्तम, त्याबद्दल दुमत नाही. पण गरज काय? मुलं दिवसभर मोबाईलवर मारामाऱ्या बघतातच. कवितेत तरी जरा ऊब राहू द्या. बापानं पोरीच्या पोळ्या करून खायच्या आणि आपण त्याला विनोद म्हणायचं, हे मला परकं वाटतं. आपल्या मातीत असलं काही रुजत नाही आणि ते बरंच आहे.

मु.पो. कागल
@सदाशिव, तुमच्या घरी कुणी हादगा घातला नव्हता वाटतं. (तुमच्याकडं भोंडला.)

वेड्या नवऱ्याचं गाणं आठवा. बायको लाडू करती, हा चेंडू समजून खेळतो. करंज्या करती, हा होड्या म्हणून पाण्यात सोडतो. असं पदार्थामागून पदार्थ चालतं. पोरी हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून खिदळत असतात. आणि शेवटच्या कडव्यात बायको पलंगावर झोपलेली असती, तर हा ती मेली समजून तिला जाळून टाकतो. संपलं गाणं. त्यानंतर आम्ही काय करायचो? खिरापत ओळखायचो! खोबरं का डाळ का वाटली डाळ. मी सात-आठ वर्षांची असल्यापासनं बाईमाणूस जिवंत जाळल्याचं गाणं ठेक्यात म्हणतोय आणि वर प्रसाद खातोय. माझ्या आईनं म्हटलं, आजीनं म्हटलं. परकं कुठनं आलं यात?

चिमणी-कावळ्याची गोष्टही बघा. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा भर पावसात दारात उभा, आणि चिमणीबाई आत बाळाला तीट लावत बसल्यात. आमच्या आजीच्या गोष्टीत तर तो शेवटी तापल्या तव्यावर बसून भाजायचा. कावळा काळा, त्याचं घर शेणाचं, म्हणून त्याला दार उघडायचं नाही. आम्ही टाळ्या पिटायचो.

तांबडा_पांढरा
खिरापतीत भडंग असायचं आमच्याकडं.

सदाशिव नाही पेठी
हादग्याचं गाणं मोठ्या बायकांनी रचलेलं, सासरच्या जाचावरचं आहे. बालकविता नव्हे ती. पण मुद्दा पोचला.

शाईचा डाग
विषय माझ्या आवडीचा, त्यामुळं थोडं लांबणार. चहा ठेवून या, साध्या साखरेचा.

या प्रकाराचं मूळ बहुतेक जण जर्मनीत दाखवतात. हाइनरिश हॉफमन नावाचा फ्रँकफुर्टचा डॉक्टर. १८४४ च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक आणायला गेला, दुकानातली सगळी उपदेशी पुस्तकं बघून वैतागला आणि कोरी वही घेऊन घरी आला. कविता आणि चित्रं स्वतःच केली. १८४५ मध्ये ती छापली गेली आणि आजतागायत छापली जाताहेत. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी येऊन भल्यामोठ्या कात्रीनं कापतो. काडेपेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते आणि दोन मांजरं शेजारी बसून रडतात. सूप नको म्हणणारा गुबगुबीत पोरगा पाचव्या दिवशी मरतो. मार्क ट्वेननं बर्लिनमध्ये असताना १८९१ साली याचा इंग्रजी अनुवाद केला, तो त्याच्या मरणानंतर छापला गेला.

मग १८६५ मध्ये विल्हेल्म बुशची दोन वात्रट पोरं आली. गावाला छळतात म्हणून गिरणीत दळली जातात आणि तो भरडा बदकं खातात. गावात कुणाला दुःख होत नाही. १९०७ मध्ये इंग्लंडात हिलेर बेलॉक आला. त्याचा एक पोरगा प्राणिसंग्रहालयात दाईचा हात सोडून पळतो आणि सिंह त्याला खातो. आई डोळे पुसत म्हणते की मला आश्चर्य वाटत नाही, तो कधी ऐकायचाच नाही!

आता गंमत बघा. हॉफमन आणि बुश यांच्याकडं पोरानं काहीतरी केलेलं असतं. अंगठा चोखला, काडी ओढली, खोडी काढली. शिक्षा गुन्ह्याच्या शंभरपट असते, हसू तिथून येतं. बेलॉक उपदेशाचीच टर उडवतो, पण हात सोडला म्हणून सिंह आला हे गणित त्याच्याकडंही आहे. गोरीकडं गणितच नाही. पोरं उगाच मरतात. त्याच्या चित्रांत बहुतेक वेळा मरणाच्या आधीचा क्षण असतो, पुढचं आपण आपल्या डोक्यात काढतो आणि मग आपल्यालाच अपराधी वाटतं.

बर्टनकडं आल्यावर गाडी उलटी फिरते. तिथं पोरानं काहीच केलेलं नसतं, ते फक्त वेगळं जन्मलेलं असतं. गुन्हा करतात आईबाप, डॉक्टर, शेजारी. कालवाच्या मुलाला शेवटी बाप खातो, तेही डॉक्टरच्या सल्ल्यावरून (कारण काय ते इथं लिहीत नाही, लहान मुलं वाचतात). म्हणजे दीडशे वर्षांत आरोपीच्या पिंजऱ्यातलं माणूस बदललं. माझ्या मते या सगळ्या प्रकारात बघण्यासारखी गोष्ट ही एकच: शिक्षा कुणाला होते आणि लाज कुणाला वाटायला हवी.

गोदी या दुसऱ्या घरातली आहे. तिचा दोष एवढाच की ती गोड आहे. शेवट ठेवा.

रेघोट्या
@शाईचा डाग, कालवावरूनच सुचलं ते लपवत नाही. आमच्या पाव्हण्यांचं गुऱ्हाळ आहे. उसाच्या रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चीक घालतात, काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की पोरं कडेनं बोटं घालून चाटत बसतात, चटका बसला तरी. तिथं उभा असताना मनात आलं की कालव आम्हाला काय कळणार, आमच्याकडं गूळच.

डॉ. निमूट
हॉफमनबद्दल थोडी भर. तो पुढं १८५१ पासून फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख होता आणि त्याच्या काळाच्या मानानं रुग्णांशी फार माणुसकीनं वागायचा असं लिहिलेलं आढळतं. त्याच्या त्याच पुस्तकात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करणारा एक मुलगा आहे. शेवटी खुर्चीसकट उलटतो आणि टेबलक्लॉथ, ताटं, सूप सगळं अंगावर घेतो. जर्मनीत आज एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलाला बोलीभाषेत त्याच मुलाच्या नावानं ओळखतात.

माझ्याकडं ओपीडीत आई-वडील येतात. "डॉक्टर, हा एका जागी बसत नाही." मी विचारतो, किती वेळ बसायला हवा? बहुतेकांचं उत्तर असतं: पाहुणे जाईपर्यंत.

तांबडा_पांढरा
फार गंभीर झालं. थोडं हलकं करतो. माझंही बालसाहित्य घ्या:

पांढऱ्या रश्श्यात पांडू पडला,
पांढरा सदरा, कळंना काय.
वाढपी म्हणला, "नशीब बघा,
पाव्हण्याच्या वाटीत अख्खा पाय!"

गंगावेशीचा गण्या
😂😂 लेका, पांढऱ्या रश्श्यात पाय सापडला तर पाव्हणा तक्रार करणार नाही, दुसऱ्यांदा वाढा म्हणंल.

सांगलीकर
पांढरा रस्सा तसा आमच्याकडंही चांगला मिळतो.

गंगावेशीचा गण्या
हो का. पंचगंगेला पूर आला की तुमच्याकडं खाली वाहत येत असंल.

सांगलीकर
आमची कृष्णा आहे, कोयनेचं पाणी आम्हाला पुरतं. तुमच्या पुराचं पाणी नरसोबाच्या वाडीला थांबवा तेवढं.

प्रशासक
रश्श्यासाठी पाककृती विभागात तीन धागे चालू आहेत, पुरासाठी वेगळा आहे. इथं विषयावर या.

हेमांगी
गेले दोन दिवस वाचतेय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, फार कमी बोलतो. नातेवाईक त्याला "शांत" म्हणतात. लग्नाकार्यात कुणीतरी हमखास त्याच्या गालावरून हात फिरवून माझ्याकडं बघतं आणि "गोड आहे हो" म्हणतं. त्यामुळं गोदीची कविता मला पहिल्या ओळीपासून कळली, कदाचित इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त. आई म्हणते "कुणाला नाही म्हणत नाही" तिथं मी फोन खाली ठेवला होता.

तरी तक्रार आहे. काळ्या विनोदाची भीती नाही मला, घरात दुसरा कुठला चालतच नाही. पण कविता पुन्हा वाचा. गुळव्या बोलतो, मामा बोलतो, बाई बोलतात, आई बोलते, बाप बोलतो. मुंग्यासुद्धा बोलतात. गोदी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. सगळे तिला खातात, आणि कवीही तिला गप्पच ठेवतो.

शाईचा डाग
@हेमांगी, तुमचं निरीक्षण बिनतोड आहे. पण तिचं न बोलणं हाच कवितेचा डंख नाही का? ती बोलली असती तर कुणीतरी ऐकलं असतं, आणि कविताच झाली नसती.

हेमांगी
तुम्ही आणि मी वाचताना तो डंख. आठ वर्षांच्या वाचकाला फक्त एवढंच दिसतं की वेगळं मूल म्हणजे गप्प बसणारं आणि दुसऱ्याच्या गमतीसाठी असलेलं. आणि बोलली असती तर कुणीतरी ऐकलं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझा मुलगा बोलतो ना. "नको" म्हणतो, स्पष्ट. तरी गालाला हात लागतोच.

शाईचा डाग
यावर माझ्याकडं उत्तर नाही. विचार करतोय.

गंगावेशीचा गण्या
माझं जरा वेगळं. आमच्या पेठेत वेगळं पोर लपून राहूच शकत नाही, कारण त्याला नाव पडतं. चालताना पाय ओढला की नाव, बारीक असला की नाव, एकदा शाळेत रडला की जन्माचं नाव. तालमीत गेलात आणि पाळण्यातल्या नावानं कुणाची चौकशी केलीत तर कोण ओळखणार नाही. मला वाटायचं हे चांगलंय. नाव पडलं म्हणजे गल्लीनं पोरगं आपलं म्हणून घेतलं. त्याला कुणी बाहेरच्यानं हात लावला तर अख्खी तालीम उठती.

रेघोट्या
@गण्या, याला मी पुरावा देतो. लग्नपत्रिकेत कंसात टोपणनाव छापल्याशिवाय आमच्याकडं पत्रिका पोचत नाही. घरचे लाजत लाजत सांगतात, "तेवढं कंसात घाला हो, नाहीतर पाव्हण्यांना कळायचं नाही लग्न कुणाचं."

पण फ्लेक्सही मीच करतो. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरसुद्धा कंसात तेच असतं. सत्तर वर्षांचा माणूस, फेटा, कपाळाला गंध, पाठीमागं ढग, आणि खाली ठळक अक्षरात चौथीत पडलेलं नाव. एकदा मी विचारलं होतं, हे काढू का? मुलगा म्हणाला, "राहू दे, नाहीतर गर्दी व्हायची नाही."

मु.पो. कागल
हे तुमच्या पुस्तकातल्या कवितेपेक्षा भयंकर आहे.

वाचनमंदिरवाले काका
उशिरा आलो. दोन-तीन गोष्टी.

पहिली, मराठीत काहीच नाही असं म्हणू नका. विंदा करंदीकरांची बालकविता काढून बघा. पिशीमावशी आणि तिची भुतावळ आहे, एटू लोकांचा देश आहे. विंदांचं शिक्षण आपल्या कोल्हापुरातलं, तेव्हा थोडा हक्क सांगायला हरकत नाही. फरक इतकाच की विंदांची भुतं एकटी नसतात. त्यांना घरदार असतं, मावशी असते, गोतावळा असतो. मूल वाचतं आणि त्याला वाटतं, आपणही तिथं राहायला जावं. म्हणजे विक्षिप्तपणा आहे, पण त्याची शिक्षा नाही. बंगालीत सुकुमार राय यांचं तसंच. शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. सप्टेंबर १९२३ मध्ये ३५ व्या वर्षी गेले आणि त्यांचं पुस्तक त्यानंतर काही दिवसांनी बाहेर आलं. अंथरुणाला खिळलेला माणूस असल्या अर्धे बदक अर्धे साळिंदर प्राण्यांचं पुस्तक तयार करत होता. काळा विनोद म्हणायचा तर हा म्हणा.

दुसरी, चित्र आणि पद्य एकत्र हे बाहेरून आलेलं नाही. कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी आहेत. एकेक चित्र समोर धरून गात गात कथा सांगायची, ही ठाकर मंडळींची कला. तेव्हा कवीनं थोडं सांगावं आणि चित्रानं उरलेलं, हे गणित आपल्याला माहीत होतं.

तिसरी, वसंत सरवटे. जन्म कोल्हापूर, १९२७. सिमेंट कंपनीत इंजिनियर आणि हातात अशी रेघ. जयवंत दळवी ज्या नावानं सदर लिहायचे त्या ठणठणपाळाला चेहरा त्यांनी दिला. सरवट्यांच्या चित्रात माणूस नेहमी जरा अवघडलेला असतो, जगाच्या मापात न बसलेला, पण तो केविलवाणा होत नाही. रेघोट्या, तुमच्या गोदीचं चित्र मी पाहिलेलं नाही. पण डोळे फार मोठे काढू नका. मोठे डोळे काढले की वाचक लगेच कीव करतो आणि सुटतो.

रेघोट्या
काका, डोळे मोठेच काढलेत. आज रात्री बसतो.

फौंड्रीवाला
मी वाचणाराच आहे, लिहिणारा नाही. पण दोन दिवस हे डोक्यातनं जाईना. काल दुसऱ्या शिफ्टला बसून चार ओळी जुळवल्या. उद्यमनगरातली आहे.

चिमी चुंबक. बाप फौंड्रीत.
लेकीपासून राही दूर.
एकदा धावत मिठी मारली,
खिशात पाना. मोडला ऊर.

अनुराधा क
कुणाचा?

फौंड्रीवाला
तेच ठरंना म्हणून तसंच सोडलं.

तांबडा_पांढरा
पांडूची कविता मागं घेतो. इथं आता दर्जा वाढला.

शाईचा डाग
@फौंड्रीवाला, यात शिक्षा कुणालाच नाही आणि दोषही कुणाचा नाही. बाप कामावरनं आलाय, पोरगी बापाची आहे. मी वर जी मोठी मांडणी केली तिच्यात हे कुठंच बसत नाही. फार आवडलं. याचं चित्र साधं हवं, पाना सोडून काही नको.

सदाशिव नाही पेठी
हे मात्र माझ्या नातीला वाचून दाखवेन.

गंगावेशीचा गण्या
काका, विरोध सुटला म्हणायचा?

सदाशिव नाही पेठी
चिमीपुरता.

अनुराधा क
प्रयोगाचा अहवाल. काल रात्री लेकीला (वय सात) गोदी वाचून दाखवली. मला वाटलं रडेल, मग मी जवळ घेईन, वगैरे. ती उताणी पडून छताकडं बघत ऐकत होती. "निम्मा हात अन् अर्धा गळा" ला हसली, मुंग्यांना त्याहून जास्त. संपल्यावर म्हणाली, "त्यांच्याकडं फ्रिज नव्हता?" मी म्हटलं, नसेल. "मग पावसाळ्यात डब्यात घालायची. आज्जी घालते तसं. घट्ट झाकणाचा."

मग बराच वेळ गप्प. दिवा घालवल्यावर अंधारातून: "मम्मा, आज्जीला ही कविता दाखवू नको."

मी म्हटलं, का गं?

"तिला कळंल मी का पळतो ते."

आमच्या सासूबाई रोज संध्याकाळी तिचे दोन्ही गाल ओढून पापे घेतात. घ्यायच्या, म्हणते. आज मी मध्ये पडले. सासूबाई फुगल्यात. त्याची भरपाई रेघोट्यांनी करावी.

मु.पो. कागल
डब्यात घालायची! 😄 पोरांना उपाय सुचतो. मोठी माणसं पोळ्या लाटतात.

डॉ. निमूट
"पोरं घाबरतील" हे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कवितेतल्या आत्यामामांत आपण स्वतः असतो. ओपीडीतला अनुभव हाच.

सदाशिव नाही पेठी
एका मुलीवरून निष्कर्ष काढू नये. सगळी मुलं अशी नसतात. काही रात्र रात्र झोपत नाहीत. मी स्वतः लहानपणी तव्यावरच्या कावळ्याला घाबरायचो, आणि ते कुणाला सांगता आलं नाही.

हेमांगी
@सदाशिव, हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. त्यात खरा मुद्दा आहे.

@अनुराधा, मुलीला माझ्याकडून एक चॉकलेट. आजींना नको.

रेघोट्या
सगळं वाचलं, काही दोनदा. थोडं करून बघितलं, ते सांगतो.

डोळे बारीक केले. काकांचं खरं होतं, आता ती माझ्याकडं न बघता मामाच्या चहाच्या कपाकडं बघतेय आणि चित्र जास्त बोचतंय. रिबिन ठेवली. चिमी घ्यायची परवानगी फौंड्रीवाल्यांकडं वेगळ्यानं मागितली आहे, चित्रात फक्त पाना.

आणि हेमांगीताई, तुमच्या प्रतिसादानंतर दोन रात्री गोदीला बोलतं करायचा प्रयत्न केला. आधी ती "नको" म्हणायची, ते भाषण वाटायला लागलं. मग तिला पळून जायला लावलं, ते खोटं वाटलं. शेवटी जेवणाच्या पंगतीतच बोलू दिलं. शेवटच्या कडव्यानंतर एवढंच:

ताटामधून आवाज आला,
"तूप वाढा हो. भाजतंय नाक."

तांबडा_पांढरा
मेलो.

गंगावेशीचा गण्या
आता गूळपोळी खाताना तूप घ्यायचं का नाही ते सांगा कुणीतरी.

हेमांगी
आधीपेक्षा भयंकर झालं. आणि मी हसले. ठेवा.

फक्त त्या पानावर बापाचं तोंड दाखवा. आवाज ऐकल्यानंतरचं.

शाईचा डाग
घास हातात, हात अर्ध्यात. तुपाची वाटी त्याच्यापासून लांब ठेवा म्हणजे त्याला कुणाकडं तरी मागावी लागेल.

रेघोट्या
हे घेतो. मोठ्यांचं का मुलांचं हा प्रश्न अजून तसाच आहे. छापखानावाला विचारतोय की मागं काय छापू, वय वर्षे किती?

अनुराधा क
"आज्जीसोबत वाचू नये."

डॉ. निमूट
वय घालू नका. वय घातलं की पालक त्या आकड्याशीच वाद घालत बसतात.

वाचनमंदिरवाले काका
आमच्याकडं दोन प्रती द्या. एक बालविभागात ठेवायला सांगतो, एक वर मोठ्यांच्या कपाटात. सहा महिन्यांनी जिची शिवण आधी उसवेल तिच्यावरून दुसऱ्या आवृत्तीत काय छापायचं ते ठरवा. आणि सोळा पानी फर्म्यात बसवा, उगाच कोरी पानं सोडून कागद वाया घालवू नका. कागद महाग झालाय.

सदाशिव नाही पेठी
माझा विरोध नोंदवलेला आहेच, तो कायम समजावा. पुण्यात कुठं मिळेल?